दौंडला ठेवलेली जोड

घोडनदी (शिरूर),
मार्च १९७५

प्रिय हौशीराम,

फोटो मोठे करायचं यंत्र मी तुपाच्या डब्याच्या पत्र्यातून केलं. भिंग तेवढं पुण्याच्या जुन्या बाजारातलं. सांधे, वरखाली करायची दांडी, सगळं माझ्या हातचं. अंधाऱ्या खोलीतला लाल दिवा म्हणजे कंदिलाला पतंगाचा कागद दुहेरी लावलेला. मागचा पडदा मांजरपाटावर मीच रंगवला. त्यातल्या जिन्याचा कठडा तुला वाकडा दिसायचा. तो वाकडा नव्हता, लांबचा होता. गिऱ्हाइकाचं डोकं हलू नये म्हणून खुर्चीमागे लोखंडी टेकू केला, प्रिंटा वाळवायची जाळी केली, आणि तुझ्याकडे दौंडला ठेवली ती सागाची पेटीही मीच केली, आत खण पाडून. कुणी शिकवलं नाही. बढाई म्हणून लिहीत नाही. आगीत काय काय गेलं हे तू एकदाही विचारलं नाहीस, म्हणून लिहितो.

एका वर्षी वाळवीनं निगेटिव्हचं एक खोकं खाल्लं, ते तुझ्या लक्षात असेल. त्यानंतर मी ठरवलं की प्रत्येक निगेटिव्हची जोड करायची आणि ती दुसऱ्या गावी ठेवायची. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. निगेटिव्हवरून फिल्म उतरवली की चेहरा सरळ येतो, निगेटिव्ह राहत नाही. त्या फिल्मवरून पुन्हा उतरवावी तेव्हा कुठे जोड तयार होते, आणि दोन्ही वेळेला धूळ बसली तर माणसाच्या गालावर देवीचे व्रण उमटतात. असं एकेक करून मी दुकानातल्या सगळ्यांची जोड केली. एस.टी.त गठ्ठा टपावर टाकला नाही, मांडीवर घेऊन आलो. पेटीत दमट धरू नये म्हणून चुनकळीची पुरचुंडी ठेवली आणि ती कधी बदलायची तेही तुला सांगितलं.

पण तुझ्या घरात त्यांचं नाव पडलं ‘खोट्या’. खऱ्या शिरूरला, खोट्या दौंडला. मी तुझ्या धुरपदेला म्हणायचो, अगं, खोट्या कशानं? बैलजोडीतला एक बैल खोटा असतो का? त्यावर ती म्हणायची, “भावजी, बैल चारा खात्यात, पर कामाला तरी येत्यात. ह्या खोट्या नुसती जागा खात्यात.” तिच्या बोलण्याला तेव्हा मीही हसलो होतो.

दुकान जळलं ते शेजारच्या सरकी-पेंडीच्या गोदामामुळे. पेंड धुमसते, लवकर कळत नाही. कळलं तेव्हा माझा पडदा पेटला होता. लोक हळहळत होते आणि मी त्यांनाच धीर देत होतो, की सामान गेलं, माणसं नाही गेली, माणसं दौंडला आहेत. त्याच आठवड्यात खुटबावच्या सोजरबाई आल्या. त्यांचा संपत रेल्वेत खलाशाच्या जागेसाठी अर्ज करायचा म्हणून माझ्याकडे फोटो काढून गेला होता. काढलेल्या सगळ्या प्रती अर्जांना चिकटवून गेल्या, घरात एकही राहिली नाही. पुढे विहिरीच्या कामावर सुरुंगात पोरगा गेला. बाईनं फोटोसाठी मजुरीतून पैसे साठवले होते. जळका ओटा बघून त्या मटकन खाली बसल्या. मी म्हणालो, उठा सोजरबाई, आपण दौंडला जाऊ, तिथे त्याची जोड आहे.

म्हणून मी त्यांना घेऊन तुझ्या दारात आलो. पेटी मीच उघडली. आत वाकळा होत्या आणि वर धुरपदेचं लुगडं. मला वाटलं, खाली असतील. उपसून बघितलं. खणसुद्धा काढून टाकलेले. धुरपदा चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, “त्या खोट्या व्हय? त्या तर कवाच दिल्या मोडीच्या फिल्मावाल्याला. खऱ्या तुमच्याकडं हायेत की, भावजी.” तिला तोवर आगीचं माहीतच नव्हतं. सोजरबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

आणि तू काय म्हणालास? “आण्णा, जोड म्हंजी एक गेली तर दुसरी हाय म्हणूनच ना? मग ही गेली तर ती हाय, असं मला वाटलं.” हौशीराम, तुझ्या त्या वाक्यात मला चूक काढता येईना, याचाच राग अजून जात नाही. मी त्या मोडीवाल्याकडे जाऊन आलो. ते लोक फिल्म औषधात बुडवून तिच्यावरची चांदी काढून घेतात आणि कोरी फिल्म शर्टाच्या कॉलरी ताठ राहाव्यात म्हणून विकतात. बाजारात ताठ कॉलरीचा माणूस दिसला की अजून माझी नजर तिथेच जाते.

एवढं मी गिळलं असतं. भाऊ आहेस. पण राहू गावच्या सोसायटीचे पुढारी बबनराव, त्यांच्या वडिलांचा फोटो सोसायटीच्या नव्या इमारतीत लागला, तो माझ्याकडे शिकलेल्या हातानं तू करून दिलास, आणि शिरूरच्या आगीतून वाचलेल्या जोडीतली ही निगेटिव्ह, असं चारचौघांत सांगितलंस. मी मुद्दाम राहूला जाऊन तो फोटो बघितला. म्हाताऱ्याच्या उजव्या भुवईत खोक होती. मी उजेड त्या अंगानं घेतला होता, मला विसरणं शक्य नाही. फोटोतल्या माणसाची भुवई सलग आहे. तो बबनरावांचा न्हावरे गावचा चुलता, फेटा बांधलेला आणि मिशा रंगवलेला. हार घालणाऱ्यांपैकी कुणी भुवई बघत नाही, एवढंच.

परवा सोजरबाई पुन्हा आल्या. लुगड्याच्या पदरात काचेची नवी फ्रेम गुंडाळून आणली होती. “जोड घावली म्हणं दौंडला! बबनरावाचा बाप निघाला, तर माझा संपत बी निघंल की.” मी सांगितलं, बाई, पेटी तुमच्या डोळ्यांसमोर रिकामी होती, निघालेलं काही नाही. त्या म्हणाल्या, “मग ते राहूला भिताडावर काय हाय? तुमचं भावाभावाचं वाकडं, आन् माझं लेकरू आडकवून ठिवलंया व्हय?” त्यांनी माझे पाय धरले. उठवता उठवता मी सगळं सांगितलं, चुलता, फेटा, मिशा. एक अक्षर त्यांना पटलं नाही. त्यांचं एकच, मोठ्या माणसाच्या भिंतीवर लागलेलं खोटं कसं असेल? जाताना फ्रेम माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या. म्हणाल्या, सापडला की यात घाला.

म्हणून हे पत्र. तुझ्याशी पुन्हा बोलणं सुरू व्हावं म्हणून नाही. माझं त्या ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. तू खुटबावला जा. धुरपदेला बरोबर घे, नाहीतर एकटा जा, पण त्यांच्या दारात उभा राहून स्वतःच्या तोंडानं सांग, की संपत कुठंच नाही आणि राहूचा म्हातारा खोटा आहे. बबनराव चिडतील, सोसायटीचं तुझं फोटोचं काम तोडतील. तोडू देत. ते काम तुझ्या हाताचं कौतुक म्हणून तुला मिळालं असं तू सगळीकडे सांगतोस, म्हणून एक गोष्ट लिहितो, आजवर कुणाला बोललो नाही. बबनराव आधी माझ्याकडे आले होते. मी जळक्या ओट्यावर बसलो होतो, पुढचा काही मार्ग दिसत नव्हता. चुलत्याला ते बरोबरच घेऊन आले होते. म्हणाले, वडिलांचा फोटो घरात नाही, ह्यांचा तुम्ही काढायचा, दौंडच्या जोडीतला म्हणून सांगायचं, तुमच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही. त्याबद्दल सोसायटीच्या इमारतीत दुकानाला गाळा, आणि रोख तीन हजार रुपये. मी नको म्हणालो.

‘तुझाच’ लिहायला हात रेटत नाही, तरी नातं आहे म्हणून तुझाच,
सावळाराम आण्णा