विहिरीतलं गवत आणि गुळाची बाटली

११ जानेवारी १९८७, रविवार

"पाण्यातल्या झाडाला पाण्यात राहून काय कमी पडतंय गं?" — आबांनी विचारलं. आबांची लेक, घरातली पहिली पदवीधर, बी.एस्सी., शाळेत विज्ञान शिकवते — आणि मला उत्तर आलं नाही!

आमच्या वस्तीची विहीर आटली. तळाच्या गाळात ते फितीसारखं लांब हिरवं गवत आडवं पडलं होतं. आबा स्वतः उतरून बादलीत घेऊन आले. मी शाळेतली जुनी काचेची टाकी मागून आणली. वाळू पसरली, गवत खोचलं, दोन घागरी पाणी ओतलं. तरी चार दिवसांत पानं पिवळी.

आई संतापली आहे. "माणसं टँकरची वाट बघत्यात, अन् गवताला दोन घागरी!" म्हटलं, माझ्या आंघोळीच्या पाण्यातून कापून घे.

टँकर गावच्या बारवेत, पायऱ्यांच्या विहिरीत, रिता करतात. आमच्या वस्तीच्या बायकांनी पायऱ्या उतरायच्या नाहीत; त्या वरच्या कठड्याशी घागरी मांडून बसतात. गावातली उमाबाई पाणी शेंदून घागरीला न शिवता वरून वाढते. "सरक गं, शिंतोडा उडतोय" — हे रोजचं.

१३ जानेवारी

आणखी तीन पानं गेली.

१८ जानेवारी, रविवार

आज विहिरीत डोकावून आले. गाळही वाळून दगड झालाय.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात ती खोदली, तेव्हा मी नऊ वर्षांची. वस्तीतली माणसं दिवसा सरकारी कामावर खडी फोडायची आणि परत आल्यावर आपली विहीर. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं! तेच सगळ्यांनी ओंजळीनं प्यायलं. पुढच्या वर्षी पाठीला सुका भोपळा बांधून आबांनी मला आत ढकललं. खाली पायांना गवत लागलं, मऊ, गुदगुल्या करणारं. शेजारची मालनबाई काठावरून ओरडली, "साप! साप!" सगळ्या पोरी एकदम बाहेर. हसून हसून पोट दुखलं होतं.

ते गवत मरू द्यायचं नाही. विहिरीत पुन्हा पाणी येईल तेव्हा लावायला हवं ना!

२० जानेवारी

कॉलेजची वही काढली. उत्तर मिळालं, आणि लाजही वाटली. आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड झाडाला लागतो. विहिरीत तो झऱ्यातून, कुजणाऱ्या गाळातून मिळायचा; टाकीतल्या साचलेल्या पाण्यात फार थोडा.

आबांना सांगितलं. त्यांनी लगेच रबरी नळी मागितली, एक टोक टाकीत, एक तोंडात. "घे, बिडीचा वारा घे!" फुगे आले. आई म्हणाली, "बासरी वाजवा आता." आबा हसले आणि खोकल्यानं वाकडे झाले. छातीत त्या खडीची धूळ आहे अजून.

नळी काढून घेतली. दुसरा उपाय हवा.

२४ जानेवारी

गूळ आंबला की हाच वायू निघतो! धाराशिवला जाऊन आले. हैदरचाचांच्या बेकरीत खमीर मागितलं. "क्या बेटी, पाव का कारखाना डालती क्या?" म्हटलं, गवताला खाऊ घालायचंय. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "पढ पढ के ऐसा होता," म्हणाले आणि पुडी बांधून दिली. पैसे घेतले नाहीत.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आल्यावर बसले. दवाखान्यातली सलाइनची रिकामी काचेची बाटली. गूळपाणी, चिमूटभर खमीर. बुचाला भोक पाडून नळी घातली, मेणबत्तीच्या मेणानं कडा बुजवल्या. मध्ये पाण्याची छोटी बाटली, फेस अडकायला. टाकीत नळीच्या तोंडावर काचेचा पेला उपडा, म्हणजे वायू त्यात साठून सावकाश विरघळेल.

काहीच नाही.

२७ जानेवारी

बुड्! बुड्! आबांच्या चंचीतला चुना घेऊन निवळी केली, त्यात नळी धरली. दुधासारखी पांढरी झाली. आबा म्हणाले, "म्हंजी खरंच हाय की!"

३० जानेवारी

चूक झाली. बाटली बाबासाहेबांच्या फोटोखालच्या कोनाड्यात ठेवली होती, तिथं ऊब असते म्हणून. शाळेतून आले तर दारात बायका! घरभर आंबूस वास. मालनबाई : "पोरगी बी.एस्सी. झाली अन् हातभट्टी लावली!" आई रडत होती. "दीक्षा घेतली त्या दिसापासनं ह्या घरात दारूचा थेंब न्हाय. अन् तू फोटोखाली?"

मी वायू समजावला. कुणी ऐकेना. शेवटी आबा उठले, बाटली उचलून पडवीत ठेवली आणि फोटोपुढं हात जोडले. "पोरीनं गवतासाठी केलंय. प्यायला न्हाय."

आईनं कोनाडा तीनदा पुसला.

१५ फेब्रुवारी

नवं पान! बोटाएवढं, पोपटी. आईनंच सगळ्यांत आधी पाहिलं. काल बाटलीवर पोतं गुंडाळलेलं दिसलं, ऊब राहावी म्हणून. कुणी गुंडाळलं, बोलत नाही कुणी.

१५ मार्च, रविवार

टाकी भरली आता. मी आबांना विचारलं, हे गवत आपल्या नव्या विहिरीत आलं कसं? मला वाटायचं, आपोआप.

त्यांनी चंची सोडून तंबाखू मळली. मग : "बारवेतलं हाय. त्या दुष्काळात बारवेचा गाळ काढायला आमाला लावलं. गाळ काढायला चालायचो, पाणी भरायला न्हाय. एक मूठ गवत म्या मुंडाशात घालून आणलं. तुझ्या आईलाबी सांगितलं न्हाय."

चौदा वर्षं! आणि मी त्याच गवतात पोहायला शिकले.

१८ मार्च

आबांना विचारणार होते, मी बारवेत उतरले तर? नाही विचारलं.

२० मार्च

टँकर येऊन गेल्यावर बारवेवर गेले. एका हातात घागर, दुसऱ्या हातात अर्धं गवत. उमाबाई म्हणाली, "थांब की, वाढते." थांबले नाही. अकरा पायऱ्या उतरले. पाण्याच्या काठाशी गाळात गवत खोचलं, वर दगड ठेवला. घागर माझ्या हातानं भरली.

घरी आणून टाकीजवळ ठेवली. आई पहिला तांब्या प्यायली.