शंभरातले तीस

भाऊ, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. बाप म्हणून तुम्ही मला जे दिलंत, ते मी राखू शकले नाही, हे सांगायला बसले आहे.

पवनानगरच्या आपल्या जमिनीवर तुम्ही आणि तुमच्या मित्राने, म्हणजे काकांनी, गुलाबाचं पॉलिहाऊस टाकलं तेव्हा मी कॉलेजात होते. जमीन आपली, भांडवल त्यांचं. जमीन कंपनीच्या नावावर झाली आणि शंभर शेअरांतले तीस तुम्हाला मिळाले. ती जमीन विकायची तर तीन चतुर्थांश मतं लागतील, हेही तुम्ही कंपनीच्या नियमांत लिहून घेतलंत. माझ्या लग्नात ते तीस शेअर माझ्या नावावर केलेत. आई दागिन्यांसाठी कुरकुरत होती. चुलीशी बसून तुम्ही तिला म्हणालात, "सोनं मोडता येतं. ह्ये तीस हायत तवर जमीन कुनाला विकता यायची न्हाई."

तुमच्यानंतर मी तिथेच सुपरवायझर झाले. कळी फार घट्ट असताना कापली म्हणून तुम्ही सगळ्यांदेखत मला रागावला होतात. तेच मी आता बायकांना शिकवते, जरा हळू आवाजात.

तीन वर्षांपूर्वी काकांनी ऑफिसात बोलावलं. कोल्ड रूम वाढवायला कंपनी दोनशे नवे शेअर काढणार होती. माझ्या हिश्श्याचे साठ आधी मला देऊ केले होते. नको असतील तर तशी सही करायची, मग ते काका घेणार. "तुजे तीस कुटं जात न्हाईत, पोरी," ते म्हणाले. खरंच गेले नाहीत. सर्टिफिकेटवर आजही तीसच आहेत. शंभरातले होते, ते तीनशेंतले झाले एवढंच.

मागच्या महिन्यातली सभा. टेबलाभोवती काका, त्यांचे दोन मुलगे आणि मी. जमीन बंगल्यांच्या प्लॉटसाठी विकायचा ठराव. मी विरोधात हात वर करते. थोरला मुलगा माझा विरोध नीट लिहून घेतो आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवतो. दहा टक्क्यांनी काही अडत नाही. शेअर विकून मोकळं व्हावं, तर बाहेरच्याला विकायला संचालकांची, म्हणजे त्यांचीच, परवानगी. जमिनीचा पैसा कंपनीत येणार. तो वाटायचा की नव्या धंद्यात घालायचा, तेही तेच ठरवणार.

काम बंद होणार हे बायकांना सांगायचं माझ्याकडे आलं. तुमच्याबरोबर पहिली रोपं लावणारी मावशी अजून आहे. तिने विचारलं, "भाऊंचे शेर हायत न्हवं तुज्याकडं? मग तू न्हाई म्हन की."

म्हटलं, म्हणून झालं मावशी. ती पुढच्या वाफ्याकडे वळली. तिथेच थांबवेना आणि निघूनही जाता येईना. अजून रोज सकाळी जाते.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. साठ शेअरांपुरते पैसे नव्हते, असं मी घरात सगळ्यांना सांगितलंय. होते, भाऊ. कागदही वाचला होता, अर्धामुर्धा कळलाही होता. काका पेन उघडून उभे होते आणि त्यांना 'विचार करून सांगते' एवढं म्हणायचा मला संकोच वाटला.