लाकूड श्वास घेतं

४ सप्टेंबर
निर्णय झाला. लाकडी घर घ्यायचं. जंगलात, तळ्याकाठी. सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात काँक्रीटच्या टाक्यांचे नकाशे काढण्यात गेली. साहेबांना काचेची केबिन होती. मला रिटायर होईपर्यंत खिडकीजवळचं टेबलसुद्धा मिळालं नाही. आता स्वतःची केबिन. तीही देवदाराची.

मुख्य कारण अर्थात हिची छाती. डॉक्टरांनी परवा स्पष्ट सांगितलं की धूळ, धूर आणि ओल यांपासून जपा. धूळ कुठे असते? शहरात. म्हणजे शहर सोडा, हेच ते सुचवत होते. शिवाय एका मासिकात वाचलं की लाकूड श्वास घेतं. घरच श्वास घेत असेल तर आतल्या माणसाला केवढं सोपं.

हिला सांगितलं. काही बोलली नाही, मटार सोलत राहिली. विरोध असता तर बोलली असती.

मुलीला फोन केला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, तिथून हॉस्पिटल किती लांब. इतका नकारात्मक स्वभाव कुणावर गेलाय कोण जाणे.

११ सप्टेंबर
घर पाहिलं. हेच. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, समोर तळं. आत शिरताच लाकडाचा जुना, खोल वास. दलाल म्हणाला की असा वास नवीन घरांना येतच नाही. माणूस जाणकार आहे.

हिने संडास कुठे आहे एवढंच विचारलं. मागे, झाडांत. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती निघेपर्यंत उठली नाही. पहिल्या नजरेत प्रेम म्हणतात ते हेच.

२० सप्टेंबर
राहायला आलो. गाडी खालच्या रस्त्यापर्यंतच येते, पुढे चढण. ही दर थोड्या वेळाने थांबून झाडाला धरून उभी राहत होती. निसर्गाची इतकी ओढ हिच्यात आहे हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

संकल्प: पहाटे उठणे. दोघांनी तळ्याला फेरी मारणे. पक्षी ओळखायला शिकणे.

२१ सप्टेंबर
पहाट हुकली. पहिलाच दिवस, सामान लावायचं होतं.

२७ सप्टेंबर
शेगडी पेटवण्याची एक कला आहे. अजून हातात बसलेली नाही. धूर वर जायचा सोडून घरात फिरतो. ही दोन स्वेटर आणि शाल घेऊन दिवसभर व्हरांड्यात बसते. मोकळ्या हवेची गोडी लागली म्हणायची. ओठ जरा निळसर दिसतात. थंडीने.

४ ऑक्टोबर
तीन दिवस पाऊस. छप्पर एका ठिकाणी गळतं. खाली पातेलं ठेवलं. थेंबांचा आवाज फार शांत वाटतो. ही म्हणते झोप लागत नाही. सवय होईल.

हिच्या पलंगाजवळच्या भिंतीवर काळे ठिपके आलेत. जुन्या लाकडाला असा रंग चढतोच. तरी फडक्याने पुसले.

६ ऑक्टोबर
ठिपके परत आले. सोबत आणखी घेऊन.

१० ऑक्टोबर
मुलगी येऊन गेली. भिंतीवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाली की ही बुरशी आहे, आईला आजच्या आज घेऊन जाते. मी तिला देवदाराबद्दल समजावलं. ती माझ्याकडे न बघता आईशी बोलत राहिली. मी हिला विचारलं, तुला जायचंय का? ही म्हणाली की यांनी एवढ्या हौसेने घेतलंय, बघू महिनाभर.

बघितलं? हिचं मन इथेच रमलंय. मुलगी चढण उतरताना रडत होती. फार हळवी आहे.

१७ ऑक्टोबर
हिचा खोकला सुटतोय. म्हणजे जास्त येतोय, पण साठलेलं बाहेर पडायला नको का? व्हरांड्यात येणं बंद केलंय. वाक्य पूर्ण करायला मध्ये थांबते. आमच्या दोघांतली शांतता वाढलीय, हे मात्र शहरात कधी जमलं नसतं.

फोनला रेंज नाही. तेही बरंच.

२३ ऑक्टोबर
सकाळी ही उठून बसली आणि तिला श्वास घेता येईना. मी म्हटलं सावकाश घे. तिने मान हलवली, घेता येत नव्हता.

रेंज मिळवायला चढणीवर पळालो. पलीकडच्या घरात मधमाश्या पाळणारा एक माणूस राहतो. त्याने माझा आवाज ऐकला आणि पेट्या वाहायची हातगाडी घेऊन आला. हिला तीत बसवलं. मी बाजूने हात धरून चालत होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, तळं किती छान दिसतंय बघ. तिने डोळे मिटून घेतले.

२६ ऑक्टोबर
हॉस्पिटल. नाकात नळी. डॉक्टरांनी विचारलं, राहता कुठे. मी मोबाइलवर फोटो दाखवले: व्हरांडा, तळं, शेगडी. त्यांनी शेगडीचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग भिंतीचा. मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "मी तुम्हाला तीन गोष्टी सांगितल्या होत्या."

फुप्फुसाचा जो भाग गेला तो परत यायचा नाही, असंही म्हणाले. डॉक्टर लोक नेहमी वाईटात वाईट तेच सांगतात.

९ नोव्हेंबर
हिला मुलीने घरी नेलं. चौथा मजला, खाली बस डेपो. मी केबिनवर परत आलो. कुणीतरी दुरुस्ती करून ठेवायला हवी, ही परत येईल तेव्हा सगळं तयार पाहिजे. छपराला पत्रा मारला. भिंत घासली, रंग दिला. हिच्या पलंगाची जागा बदलली.

१८ नोव्हेंबर
चढणीवर जाऊन फोन केला. दुरुस्तीचं सगळं सांगितलं. ही ऐकत होती, मागे मशीन घरघरत होतं. मग सावकाश, थांबत थांबत म्हणाली, "मी तिकडे परत येणार नाही. तुम्हाला यायचं तर इकडे या."

मी म्हटलं, वसंतात बघू. ती म्हणाली, "नाही."

आवाज क्षीण होता. रेंजचा दोष असेल. बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

रंगाखालून ठिपके आलेत.

२ डिसेंबर
मुलीकडे आलो. जावयाने बॅग हातातून घेतली. ऑक्सिजनचं मशीन आता कायमचं. त्यात पाणी भरणं आणि फिल्टर धुणं माझ्याकडे दिलंय.

७ डिसेंबर
हिची नळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पुरते, बाल्कनीपर्यंत पुरत नाही. खोलीचं माप घेतलं, नकाशा काढला. पलंग समोरच्या भिंतीला लावला की प्रश्न सुटतो. सकाळभर फर्निचर हलवलं. पलंग अर्ध्यावर आला तेव्हा कळलं की मशीनची वायर त्या बाजूच्या प्लगला पोचत नाही. एक्स्टेंशन आणायला चप्पल घातली.

ही म्हणाली, "राहू द्या. बसा इथे."

बसलो. तिला बोलायला त्रास होतो, मला विषय सुचेना. खाली डेपोत बस मागे घेत होते. जरा वेळाने तिचा डोळा लागला.

पलंग खोलीच्या मधोमध राहिलाय. ती उठली की परत लावायचा.