बुनमींचं नाव

प्रिय थावोन,

अक्षर वेडंवाकडं दिसतंय ना? डाव्या हाताने लिहितेय. उजव्या हाताची दोन बोटं डॉक्टरांनी परवा कापली, डोक्याचे टाके वेगळेच. ‘प्रिय’ लिहिताना दात-ओठ खाल्ले मी, पण लिहिलं.

कोठडीत तुला जेवण कोण आणतं कोण जाणे. इथे खोन केनच्या इस्पितळात मला पातळ भात देतात आणि तुझे बाबा आठवतात. लिंबू-मिरचीत कालवलेला कच्चा मासा चिकट भाताबरोबर हाणायचे. मी ओरडले की म्हणायचे, “सूनबाई, तुम्ही दोघं पुस्तकं खा, मला मासा खाऊ दे.” त्याच माशातल्या जंतांनी त्यांचं यकृत पोखरलं. ते गेले, पण त्यांच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी आपण प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांना त्यांचंच नाव दिलं, बुनमी-१. त्यावरचा तुझा शोधनिबंध जगभर गाजला. दोन हजारांवर शोधनिबंधांत त्याचा संदर्भ आला. त्या आकड्यावर तू प्रोफेसर झालास, आपल्या संशोधन केंद्राला नवी इमारत मिळाली. दरवर्षी, बाबा गेले त्या दिवशी, तू त्या पेशींच्या इन्क्युबेटरपुढे चिकट भाताचा गोळा आणि मोगऱ्याचा हार ठेवायचास. मलाही हात जोडायला लावायचास. मला ते खरंच बाबा वाटायचे रे.

म्हणून तर त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बैठकीत हे सांगणं मला जड गेलं. पेशी तपासल्या, तर त्यांत पुरुषाची खूणच नाही. त्या कुठल्यातरी बाईच्या निघाल्या. कितीतरी प्रयोगशाळांत वाढणारी पेशींची ती दांडगट जात, एक थेंब दुसऱ्या बाटलीत उडाला तरी आतल्या सगळ्यांना हुसकून स्वतःच पसरते. कुणीतरी केव्हातरी एकाच पिपेटने दोन बाटल्या हाताळल्या असणार. मी हे सांगितलं, मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि तुझं डोकं फिरलं. “माझ्या बापाला बाई म्हणतेस, सटवे?” सूक्ष्मदर्शक उचलून तू भिंतीवर आपटलास. काचेने हात चिरला, त्याच रक्ताळलेल्या हाताने माझी मानगूट धरलीस आणि डोकं टेबलाच्या कडेवर आदळलंस. मग “आणखी कुणाला तपासायचंय?” असं किंचाळत अतिथंड द्रव नायट्रोजनची टाकी लाथेने आडवी केलीस.

मूर्खा, माझं दुसरं वाक्य तरी ऐकायचंस! त्या टाकीच्या तळाशी गोठवून ठेवलेल्या बाबांच्या अगदी पहिल्या कुप्या होत्या, भेसळ होण्याआधीच्या. त्या तरी खऱ्या असतील, अशी मला आशा होती, आणि ताडून बघायला तुझ्या रक्ताचा थेंब मागणार होते. जमिनीवर पांढरा धूर उकळत होता, माझ्या डोळ्यांत रक्त उतरत होतं, तू खुर्च्या फोडत होतास. मी त्या धुरात उघडा हात घातला. कुप्यांची गोठलेली धातूची पट्टी बोटांना चिकटली. मी बोंबलले, पण सोडली नाही. तिच्यावर एकच कुपी धड उरली होती. प्रयोगशाळेतल्या आपल्या जारुनीने, पेशी जगाव्यात म्हणून, ती लगेच कोमट पाण्यात धरली.

पोलिसांना मी सगळं सांगितलंय, एक शब्द गाळला नाही. तुला शिक्षा व्हायलाच हवी, आणि तुझा माफीनामा मला नको. पण पोलिसांनी माझा कोट नेण्याआधी जारुनीने कॉलरचा कोपरा कापून ठेवला होता, तुझं रक्त लागलेला. तिने ते कुपीतल्या पेशींशी ताडून पाहिलं. मुलगा बापाशी जुळावा तसं जुळलं. थावोन, बाबा आहेत! बाटलीच्या तळाला धरून बसलेत, त्या बाईसारखी घाई नाही, सावकाश वाढतायत. पण त्यांना त्यांचं नाव देता येत नाही. ते नाव दोन हजार ठिकाणी त्या परक्या पेशींवर छापलंय, आणि तू शोधनिबंध मागे घेईपर्यंत त्या पेशींचंच राहणार. सोबत तो मागे घेण्याचा कागद आहे. इमारत जाईल, प्रोफेसरकी जाईल, तो आकडा मातीमोल होईल. सही कर, आणि तुझ्या बापाचं नाव त्याला परत दे.

तुझीच, अजून तरी,
पिम्पा