दोन बोटं कमी

४ मार्च

चि. शिडीस,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझा वाख दोन बोटं आखूड झाला आहे. काल सकाळी आईने मोजला आणि समोरच्या विणकरीणबाईंनीही मोजून खात्री केली. तू निघालास त्या दिवशी आईने तुला भिंतीला टेकवून टाळूपासून टाचेपर्यंत तागाच्या धाग्यांचा वाख मोजून घेतला आणि दारामागे टांगला, हे आठवत असेलच. लांबचं माणूस खंगलं की त्याचा वाख आखडतो, असं ती मानते. तीन वर्षं तो होता तेवढाच होता. आता ती दर तासाला विचारते, पोरगा जेवतो ना म्हणून.

उशीखाली तागाचं बी ठेवलं की दूरचं माणूस स्वप्नात येतं म्हणे. तिच्या स्वप्नात तू आलास. मीही ठेवून पाहिलं, तर सुताराची शेळी आली.

एकदा येऊन जा. लोभ पत्रातून पुरत नाही.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी खंगलेलो नाही. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तेही सैल करायला. वाख ओलीने आखडतो, हे आपल्याला आईनेच शिकवलंय. चुलीजवळ टांगा, म्हणजे मी पुन्हा वाढेन.

यायचं मनात फार आहे. इथे गोदीच्या कोठारात सगळे दोर नायलॉनचे, त्यांना वासच नाही. परवा जुन्या पेटीत तागाची सुतळी सापडली, ती खिशात घेऊन हिंडतो. कुणी विचारलं तर औषध आहे म्हणून सांगतो. पण मुकादमाची जागा रिकामी होते आहे, आणि साहेब म्हणाले, या दोन महिन्यांत रजा मागितलीस तर ती दुसऱ्याला जाईल. तेवढं होऊ दे.

राग आला तरी माया कमी करू नकोस.

तुझा शिडी

१८ मार्च

चि. शिडीस,
आशीर्वाद. वि. वि.

वाख मी कापला.

आईच्या डोळ्यांचं तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. डॉक्टर म्हणाले, नजर फार तर दोन महिने राहील, आणि उपाय नाही. आताही सकाळच्या उन्हातच दिसतं, तेही हातभर अंतरावरचं. दोर मात्र ती अजून माझ्यापेक्षा सरळ वळते.

काल तिने वाखाच्या टोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हे कात्रीने कापलंय. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. तिने वाख परत दारामागे टांगला. मग म्हणाली, दोन बोटांनी तो हलायचा नाही, वीतभर काप. मी विचारलं, त्यापेक्षा सरळ लिहू का. ती नको म्हणाली नाही. तू गेलास तेव्हा तुला दाढी नव्हती, आता कसा दिसत असशील, एवढंच विचारत राहिली.

असशील तसा ये.

तुझी ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जागा दुसऱ्याला गेली. रजेचा अर्ज ठेवला तेव्हाच साहेबांनी सांगितलं. ज्याला मिळाली त्याला मीच चहा पाजला. तुझ्यावर चिडलो आहे, ते समोरासमोर बोलू.

शनिवारी पहिल्या गाडीने येतो, आठच्या आत पोचेन. स्टँडवर कुणी येऊ नका. आईला अंगणात उन्हाकडे पाठ करून बसव. ऊन माझ्या तोंडावर पडायला हवं.

तुझा शिडी