चंद्रावरचं घर सोडून वाशीमला येण्याबाबत

अनसिंग, ता. १७ फेब्रुवारी

चि. धम्मदीपा हिला उकंडमामाचा जय भीम आणि ओंजळभर आशीर्वाद.

तू खुशाल नाहीस हे तुझ्या पाकिटातल्या चार ओळींवरून कळलं, म्हणून खुशाली विचारत नाही. आमची विचारशील तर तुझी आई, म्हणजे आमची गंगू, बरी आहे. गंगूचा गुडघा होता तसाच आहे आणि जीभ गुडघ्यापेक्षा पुष्कळ बरी आहे. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय; डॉक्टर म्हणतात काढून टाकू, मी म्हणतो एका डोळ्याला दिसतं तेवढंच पाहून डोकं फिरतं, दुसरा कशाला? फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मधे बोलतेस (परवा तर मधेच रडलीस). पत्रात तुला तोंड नाही.

तर तुझा प्रश्न असा की, चंद्रावर माणसांनी राहायच्या घराचा तुझा आराखडा समितीने तिसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हा बंगळूरची नोकरी सोडून वाशीमजवळच्या त्या कॉलेजात शिकवायला यावं का. कॉलेजात मी नेऊन द्यावा म्हणून सही करून पाठवलेला अर्जही मिळाला. माझं उत्तर सरळ आहे. ये. हे मी आज नाही, पहिल्या दिवसापासून म्हणतोय, पण गवंड्याचं ऐकतो कोण.

चाळीस वर्षं मी घरं बांधली. अनसिंगपासून मानोऱ्यापर्यंत माझ्या हातचे स्लॅब आहेत आणि एकही गळत नाही (जिल्हा परिषद शाळेचा सोडून, तिथे सिमेंट माझं नव्हतं). त्या अनुभवावर सांगतो, तुझ्यासारखं घर मी पाहिलं नाही. खिडकी नाही. दार उघडावं तर आत आणखी एक दार. भिंत कशाची, तर दुधाच्या पिशवीच्या जातीच्या प्लास्टिकची, का, तर किरणं त्यात अडतात. तेवढ्याने भागत नाही म्हणून पाण्याच्या टाक्या भिंतीला लावायच्या आणि सूर्य खवळला की त्यांच्याआड जाऊन झोपायचं, आणि ते पाणी कशाचं हे तू मला एकदा सांगितलंस, तेव्हा मी जेवत होतो. आपल्याच लघवीच्या आडोशाला झोपायचं असेल तर त्यासाठी पृथ्वी सोडायची काय गरज? आणि एवढं सगळं झाल्यावर वरून काय, तर अडीच मीटर माती! नागपुरात चार वर्षं, पुढे दोन, मग डॉक्टरकीची सहा, तिकडे परदेशात ते यंत्र, त्यातून प्लास्टिकच्या वड्यांवर किरणांचा मारा, रात्रीचा दिवस, डोळ्याला चष्मा, आणि निष्कर्ष असा की घरावर माती टाका. अगं, आपल्या वऱ्हाडात धाब्याच्या घरांवर पांढरी माती टाकण्यात पिढ्या गेल्या, त्यातल्या एकालाही कुणी डॉक्टर म्हटलं नाही.

गंगूचं म्हणणं वेगळंच आहे. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "पोरगी चंद्रावर घर बांधून राह्यली, अन् चौदा एप्रिलले मायच्या घरी यायले तिले सवड नाई." तू येणार म्हणून तिने आतापासून गादीचा कापूस पिंजून घेतलाय.

आता तुझ्या विद्येने गावात काय अनर्थ केला तो ऐक. गेल्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी तुझ्या कामाची थोडी माहिती दिली (बढाई नव्हे, माहिती; दीड तास). पंजाबराव, आपल्या शेजारच्या वावराचा, सभामंडपाच्या दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्या गोठ्यामागे मोबाइलचा टॉवर उभा राहिल्यापासून त्याची म्हैस दूध चोरते, आणि ते टॉवरच्या किरणांमुळे, अशी त्याची पक्की समजूत आहे. अडीच मीटर मातीतून किरण जात नाही हे त्याने ऐकलं आणि बाकी काही ऐकायला थांबलाच नाही. शेततळ्याची माती आयती पडली होती. दोन दिवसांत चार ट्रॉल्या माती त्याने गोठ्याच्या टिनांवर चढवली. अडीच मीटर कुठली होतेय, गुडघाभर झाली नाही तोच गोठा खाली बसला. म्हैस पाण्यावर गेली होती म्हणून वाचली. टॉवरची किरणं वेगळी आणि सूर्याची वेगळी हे तू मला समजावलं होतंस, आणि चंद्रावर मातीचं वजन इथल्या सहाव्या हिश्श्याएवढंच भरतं हेही. ते त्या दिवशी सांगायचं राहून गेलं. चहा आला होता.

पंजाबराव वाकलेलं टिन हातात घेऊन माझ्या दारात. "तुह्या भाचीनं सांगतलं म्हणून टाकली माती. आता तिलेच बोलाव गोठा उभा करायले." ग्रामसभेत विषय निघाला. एका शहाण्याने चंद्रावरची घरं ताबडतोब थांबवावीत असा ठराव मांडला आणि तो हात वर करून मंजूरही झाला, तेव्हा तुझी समिती काही जगातली एकटीच नाही. गोठा बसल्यावर म्हैस उघड्यावर, ऐन टॉवरखाली बांधली, तर अर्धा लिटर जास्त देऊ लागली. यावर तुझं विज्ञान काय म्हणतं ते कळव.

त्या समितीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहितो. त्यातल्या एकाने तरी आयुष्यात वीट लावली आहे का? आतली हवा गळाली तर मातीच्या वजनाने छप्पर बसेल, हे त्यांचं म्हणणं. मी तुझ्या पाकिटातलं ते वाचून त्यांना मूर्ख म्हणालो, आणि आठवड्याने पंजाबरावच्या गोठ्याने त्यांची बाजू घेतली. मला राग आला. तुझा आराखडा परत आला याचा नाही. माझेही दोन स्लॅब खाली बसलेत आणि मी ते पुन्हा टाकलेत. तू "मामा, मी थकले" असं लिहिलंस, त्याचा आला. थकायचा मान गवंड्याचा असतो.

असो. कॉलेज मी स्वतः जाऊन पाहून आलो. फार उत्तम आहे. गर्दी अजिबात नाही, विद्यार्थीसुद्धा नाहीत. प्रयोगशाळेला कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे तो पोहरादेवीला गेला होता, त्यामुळे यंत्रं आली तशी खोक्यांत कोरी राहिली आहेत. काचेतून पाहिली. विषय कोणता शिकवणार असं तिथल्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले, जो रिकामा असेल तो. तुझ्या बारा वर्षांच्या शिक्षणाला याहून मोकळी जागा मिळणार नाही. सकाळी जायचं, दुपारी यायचं, गंगूच्या हातची भाकर खायची आणि चंद्र दिसला तर दार लावून घ्यायचं.

तेव्हा विचार फार करू नकोस. सामान बांध.

तुझा मामा,
उकंडराव मिस्त्री (निवृत्त)

ता. क. : पंजाबरावचा गोठा अखेर मीच उभा केला, शरम म्हणून. या खेपेला टिन नाही, विटांची कमान केली आणि वर हातभर माती टाकली. बारा दिवस झाले, हललेली नाही. कमानीला आतून हवेचा टेकू लागत नाही. तुला हे माहीत असणारच, मग आराखड्यात का नाही? मापं आणि फोटो सोबत जोडले आहेत. आराखडा समितीला चौथ्यांदा पाठव आणि कमान गोठ्याची आहे हे सांगू नकोस.

आणखी ता. क. : कॉलेजात मी तुझा अर्ज खिशात घेऊन गेलो होतो. साहेबांनी काय काम म्हणून विचारलं. मी म्हणालो, पाणी प्यायला आलोय. अर्ज द्यायची मुदत काल संपली आणि अर्ज माझ्याकडेच आहे. मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, रडायचं तेवढं रडून घे आणि सोमवारी कामावर जा. गंगूला अजून सांगितलेलं नाही. ते मी सांगतो.