मुभेला कर्ता नसतो

किचनर (कॅनडा), ३ मार्च २००९

ती. अरविंदमामांना जयदीपचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला आहे, बेसमेंटची फरशी फार गार आहे). तुमचा गुडघा कसा आहे? मामींची साखर? इकडे सगळ्यांच्या प्रकृती उत्तम आहेत, आईची तर नको तितकी. मी मात्र गुरुवारपासून हादरलो आहे, आणि तुमच्या धाकट्या बहिणीबद्दल तुम्हालाच लिहिणं भाग आहे.

चूक माझीच. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, विंटरमध्ये आई नुसती खिडकीशी बसून राहते, म्हणून युनिव्हर्सिटीत ज्येष्ठांसाठी संध्याकाळचे वर्ग असतात तिथे मीच तिचं नाव घातलं. योगाचा वर्ग भरला होता, चित्रकलेचा भरला होता, जागा उरली होती ती प्राचीन ग्रीकमध्ये. म्हटलं, मेलेली भाषा, तिच्यापासून काय धोका! (माणूस असाच तोंडघशी पडतो.) शेजारच्या बाकावर निघाले एलिएझरकाका. मूळचे अलिबागचे बेने इस्रायल ज्यू, विधुर, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. बर्फ पडला की आईला गाडीने घरी सोडायचे आणि मी त्यांना चहा पाजायचो, मामा. स्वतःच्या हाताने.

गुरुवारी जेवताना आई म्हणाली, आज ‘एक्सेस्ति’ शिकलो, म्हणजे मुभा आहे, कायद्याने चालतं. मी वरणावर तूप घेत कौतुकाने उदाहरण विचारलं. ती म्हणाली, “मला एलिएझरशी लग्न करायची मुभा आहे.” तूप ताटाबाहेर गेलं. मला वाटलं, विचारते आहे (ती बसने जायलाही मला विचारते), तेव्हा मी घसा खाकरून सांगितलं की बघू, विचार करावा लागेल. त्यावर ती अगदी शांतपणे म्हणते, “अरे, विचारलंय कुणी? या क्रियापदाला कर्ताच नसतो. मुभा देणारा कोणी नाही, मुभा नुसती असते. आणि ज्याला असते त्याला आपल्यासारखाच ‘ला’ लागतो. मला.”

मी म्हटलं, कायद्याला चालेल, पण धर्माला? तर त्याला वेगळा शब्द आहे म्हणे, ‘थेमिस’, देवाधर्माला मान्य असलेलं. बुडत्याला काडीचा आधार, मी तोच धरला. “हे थेमिस नाही, आई!” तर म्हणते, थेमिस नावाची देवी होती, बाईमाणूस आहे, समजून घेईल. यामिनी (बायको म्हणवते माझी!) हसू लपवायला पाणी आणायला उठली. मला राग आला, आणि खरं सांगू, भीतीही वाटली. नऊ वर्षं या घरात मी ‘चालेल’ आणि ‘नाही चालणार’ म्हणत आलो, आणि आईला त्याची गरजच नव्हती की काय?

तेव्हा मामा, तुम्ही थोरले आहात. फोन करून ठणकावून सांगा की आपल्या घराण्यात असलं चालत नाही.

तुमचा भाचा,
जयदीप

ता. क. फोन करू नका. काल एलिएझरकाका आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होते आणि आई दारात उभी राहून त्यांच्या चुका काढत हसत होती. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

ता. क. २. लग्न सात जूनला, रविवारी (शनिवार त्यांच्यात चालत नाही), घरीच, अंतरपाट धरून. वधूला बोहल्यावर मामाने आणायचं असतं, पण आईचे मामा तर कधीच गेले. तुम्ही जाणते आहात, कुणाला तरी विचारून कळवा: मामाच्या जागी मुलगा उभा राहिला तर चालतं का?